हंगामाचा पहिला काप

“वैनी, येक सांगू का? मास्तर हल्ली कापडाला हात लावून बघंनात.”

येडूकाका आमच्या दारात उभे राहून म्हणाले होते. नातवाच्या जावळाचे पेढे द्यायला आले होते ते. माझ्या कडेवर वर्षाची सृष्टी, गॅसवर वरण, हॉलमध्ये शिकवणीची चार पोरं पाढे ओरडत बसलेली. मी म्हटलं, “कामाचा ताण असेल हो काका. सीझन आहे ना.”

“तसं न्हाय वो,” ते म्हणाले. पेढ्याचा पुडा या हातातून त्या हातात करत राहिले. मग “बगा जरा,” म्हणून गेले. मी दार लावून घेतलं. वरण बुडाला लागायला आलं होतं.

कापडाला हात लावला काय, न लावला काय, मला त्यात काही विशेष दिसलं नाही. माझा नवरा गुरुशांत हा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर आहे. नवीन थान समोर आलं की तो आधी त्याचा काठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळतो, थोडं ओढून बघतो आणि मगच खडू उचलतो, हे मला लग्नाला पाच वर्षं होऊनही माहीत नव्हतं. येडूकाकांना माहीत होतं. बारा मीटरच्या टेबलाच्या एका टोकाला हा आणि दुसऱ्या टोकाला कापडाचे थर अंथरणारे येडूकाका, अशी दोघांची सोळा वर्षं गेलेली. गुरुशांतच्या हातांकडे माझ्यापेक्षा जास्त त्यांनीच पाहिलेलं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली.

आणि यंदाच्या मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळी माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. सृष्टीच्या एका वेणीला निळी रिबन आणि दुसरीला लाल, हे तिनंच सांगितल्यावर मला कळलं. सासूबाई दोन दिवस आधीच अक्कलकोटजवळच्या गावाहून आल्या होत्या आणि पहाटेपासून गव्हाच्या हुग्गीचं पातेलं ढवळत होत्या. गूळ, खोबरं, खसखस, सगळ्या घराला वास. त्यांचं नाव निंगव्वा. गाव त्यांना निंगव्वा म्हणतं, सून म्हणून मी अत्ती म्हणते. त्या मला म्हणाल्या, “यव्वा, तू बस बघू येका जागी. तुझ्याकडं बघून माझा हात थरथरायला लागला.”

त्या दिवशी गुरुशांत हंगामाचा पहिला काप घेणार होता.

आमच्या कारखान्यात रीत आहे. (आमच्या म्हणजे शिवप्पा अण्णांच्या, पण सगळेच आमच्या म्हणतात.) जूनच्या शाळांसाठी पहिली मोठी लेय अंथरली, म्हणजे एकावर एक कापडाचे थर रचून तयार झाले, की नारळ फोडायचा, कापायच्या मशीनला हळदकुंकू लावायचं आणि पहिला काप मास्तरनं घ्यायचा. त्या दिवशी मास्तरच्या घरची माणसं बोलावतात. गेली चार वर्षं हा काप येडूकाकांनी घेतला. ते कापायचे नीट, पण आखणी त्यांना जमत नव्हती आणि ते स्वतःच म्हणायचे, “मी नुसता हात हाय.”

मधल्या काळात गुरुशांतनं दोनदा प्रयत्न केला होता. पहिल्या वर्षी फाटकापर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्या वर्षी टेबलापाशी उभा राहिला, मशीन हातात घेतलं, खाली ठेवलं आणि पॅकिंगच्या खोलीत जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत खोक्यांवर पट्ट्या चिकटवत होता. यंदा अण्णांनी सांगितलं, “सोमवारी इचलकरंजीवरनं एक मास्तर बघायला येणार हाय. त्याच्या आधी शुक्रवारी तू काप घेतलास तर टेबल तुझं. नाही जमलं तर बिघडत काय नाही बे, पॅकिंगला हायसच की.”

बिघडत नाही हे अण्णा मनापासून बोलले होते. पण तिसऱ्यांदा माघारी आला तर हा माणूस त्या टेबलाचं नाव पुन्हा काढणार नाही, हे मला कळत होतं. आणि टेबल सोडून गुरुशांत म्हणजे काय उरतं, हे मी साडेतीन वर्षं घरात बघितलं होतं.

तो आरशासमोर भांग पाडत होता. मी मागे इस्त्रीचा शर्ट धरून उभी. आरशातून त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. लाल आहेत का? झोप झाली का? सकाळची गोळी घेतली, ते पाकीट मी आधीच बघून आले होते.

“काव्या.”

“हं.”

“तू माझ्याकडं दुधाच्या पातेल्यासारखी बघतीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे आत्ता उतू जाईल, मग जाईल. हातात फडकं घेऊनच उभी.” त्यानं शर्ट घेतला. “आज एकच कर. तितं आल्यावर माझ्या हाताकडं बघू नको. सृष्टीकडं बघ, अण्णांच्या टकलाकडं बघ, कुटं पण बघ.”

“नाही बघत,” मी म्हटलं.

“शपथ?”

“आई शप्पथ.”

दारातून सासूबाई म्हणाल्या, “माझी शपथ कशाला घेताय रे सकाळी सकाळी?” आणि तो हसला. छोटंसं, नाकातून. तेवढ्यावर मी दिवसभर उडू शकले असते.

या हसण्याचं एवढं काय, असं वाटेल. म्हणून मागचं थोडं सांगते.

येडूकाका सांगून गेले त्याच्यानंतर वर्षभरानं ती गोष्ट झाली. निळ्या सुटिंगच्या पँटी कापायच्या होत्या. त्या कापडाला सुलट आणि उलट अशा दोन बाजू असतात. त्यामुळं थर तोंडाला तोंड लावून अंथरतात, एक सुलट तर पुढचा उलट. मग एकच पाय आखला तरी एका थरातून डावा निघतो, दुसऱ्यातून उजवा. त्या दिवशी काका गावाला गेले होते, थर नव्या माणसानं अंथरले, सगळेच्या सगळे सुलट. गुरुशांतनं बघितलं नाही. हात लावला नाही. कापून मोकळा झाला. तीनशे पँटी आणि सगळे पाय डावे.

ते कळलं शिलाईच्या लाइनवर. सुंदरम्मा म्हणून जुनी बाई आहे, जिभेची तिखट. ती मशीनवरून ओरडली, “मास्तर, येका पायाच्या पोरांची शाळा काढलीय का वो कुणी?” सगळी लाइन हसली. हसण्यासारखंच होतं. दुसऱ्या कुणी मास्तरनं हे केलं असतं तर गुरुशांत स्वतः महिनाभर हसला असता.

तो घरी आला, भिंतीकडं तोंड करून झोपला आणि अकरा दिवस तसाच राहिला.

मला डाव्या पायांचं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की नवरा बोलत नाही, लेकीला घेत नाही, आंघोळीला उठत नाही. त्याच्या आधीचं वर्ष मी वेगळ्याच संशयात घालवलं होतं. त्याचा फोन तपासायची. कुणी बाई असेल तर निदान भांडता येईल, असं वाटायचं. कुणीच सापडलं नाही. मग मी ठरवलं की हा आळशी आहे, मग ठरवलं की याला मी नको आहे. काय काय बोलले मी. एकदा म्हणाले, “तुमच्याशी संसार म्हणजे बंद पडलेल्या पंख्याखाली बसणं.” तो म्हणाला, “मग सरकून बस.” रागानंसुद्धा नाही. कुणी वेळ विचारली तर सांगावं तसं.

मी सृष्टीला घेऊन मोहोळला आईकडं गेले. अकरा महिने राहिले. तो एकदाही न्यायला आला नाही, आणि मी त्याला माज समजले.

शेवटी सासूबाई आल्या. एसटीनं, एकट्या, पिशवीत शेंगाचटणी घेऊन. मला वाटलं आता समजूत काढतील, रडतील, संसाराचं सांगतील. त्या म्हणाल्या, “मी तुला न्यायला न्हाय आले, यव्वा. मला त्याची भीती वाटायला लागलीय. त्याच्यापाशी बसायचं कसं, काय बोलायचं, मला कळंना. तू शिकलेली हायस. तेवढं सांग, मी जाते माघारी.”

मी शिकलेली. बी.एस्सी.ला मेंदूची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण मिळवलेले. मला काय माहीत होतं? पण त्या संध्याकाळच्या गाडीनं मीही निघाले. घरात शिरले तर तो खुर्चीत बसलेला, टीव्ही बंद, नजर टीव्हीकडं. मी चप्पल न काढताच समोर जमिनीवर बसले आणि वाटेत मनाशी घोकलेलं विचारलं. “जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?”

त्यानं नजर टीव्हीवरून काढून माझ्या चपलांकडं आणली. मग म्हणाला, “रोज नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागाच्या रांगेत उभे होतो. तिथून साडेतीन वर्षं. दर गुरुवारी, मग दर पंधरा दिवसांनी, मधेच बिनसलं की पुन्हा दर गुरुवारी. गोळ्या तीनदा बदलल्या. एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून यानं त्या आपल्या मनानंच बंद केल्या आणि सहा महिन्यांची कमाई तीन आठवड्यांत गेली. पहिलं वर्ष तर मला काही फरकच दिसेना. मी वहीत लिहायची, किती झोपला, किती वेळ बाथरूममध्ये होता. सुऱ्या वरच्या फळीवर. रविवारच्या भाजीलासुद्धा मी विळी शेजारणीकडून आणायची.

तिथल्या समुपदेशक मॅडमनी मला एकदा एकटीला आत घेतलं. म्हणाल्या, “तुम्ही नवऱ्याशी शेवटचं भांडलात कधी?”

मी अभिमानानं सांगितलं, “दोन वर्षं झाली, एक शब्द वर काढला नाही.”

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “मग भांडा की.”

मला ते जमेना. रात्री सराव करायची, सकाळी गोड बोलायची. शेवटी त्यानंच सुरुवात केली. गेल्या दिवाळीच्या आधी गॅसचा नंबर लावायचा राहिला आणि फराळाच्या मधोमध सिलिंडर संपला. तो म्हणाला, “एक काम सांगितलेलं तुला.” मी म्हटलं, “मला सांगितलेलं? फोन तुमच्याकडं.” तो म्हणाला, “चार दिवस आधी बोललो की नाही, बोललो की नाही?” आवाज चांगला शेजारच्या घरापर्यंत गेला. मी तोंडानं तणतणत होते आणि कढईकडं तोंड करून हसत होते. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात शिव्या. शेजारच्या बाई डोकावून विचारत्या झाल्या, काय झालं गं? मी म्हटलं, “भांडण चाललंय आमचं,” आणि त्यांना गरम शंकरपाळी दिली.

त्यानंतर डिसेंबरात एकदा टिळक चौकात आईला लुगडं घ्यायला गेलो, तर दुकानात पडद्यांच्या गठ्ठ्यापाशी हा उभा. काठ चोळत होता, ओढून बघत होता. दुकानदार म्हणाला, “घेताय का साहेब?” हा म्हणाला, “नाही. धुतल्यावर आटेल हे.” मी त्याच रस्त्यावरून येडूकाकांना फोन लावला.

तर असा तो शुक्रवार उजाडला होता.

कारखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. अक्कलकोट रोडवरचा पत्र्याचा शेड, आत पंखे गरगरत, तरी मार्चचं ऊन पत्र्यातून खाली येतच होतं. टेबलावर लेय तयार. निळं कापड, वीतभर उंच थप्पी, कडा अशा सरळ की मला वाटलं हात लावला तर कापेल. येडूकाकांनी नवं धोतर नेसलं होतं.

“काय वो काका, लग्नाला आलाय का?” मी म्हटलं.

“मंग? आमच्या मास्तरचं दुसरं लगीन हाय की आज, टेबलाशी,” ते म्हणाले.

सुंदरम्मा लाइन सोडून सृष्टीपाशी आली. तिचे गाल ओढत म्हणाली, “हिच्या रिबना बघा. येक निळी येक लाल. बापानं कापल्या का आईनं?” मग जीभ चावली आणि माझ्याकडं बघितलं. मी हसले. ती पण.

अण्णांनी नारळ फोडला. मी मशीनला हळदकुंकू लावलं. माझी बोटं इतकी ओली होती की कुंकू पसरून मशीनवर गालबोट लागल्यासारखं झालं. गुरुशांतनं डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा चढवला, मशीन टेबलाच्या कडेला आणलं. शेडमधली शिलाई थांबली होती. चाळीस माणसं टेबलाभोवती. सृष्टी मोठ्यानं म्हणाली, “अप्पा, लवकर कापा, मला हुग्गी पाहिजे.” सगळे हसले, तोही.

मी शपथ पाळत होते. मी अण्णांच्या टकलाकडं बघितलं. भिंतीवरच्या देवाकडं बघितलं. सासूबाईंच्या हातातल्या डब्याकडं बघितलं. मग कुठंच बघायला उरलं नाही म्हणून लेयच्या कडेकडं बघितलं.

कड माझ्यासमोर होती. निळा थर, त्यावर निळा थर. सुलट बाजूला चमक असते, उलट बाजू मळकट दिसते, हे मी त्या डाव्या पायांनंतर शिकले होते. एका कोपऱ्यात थर जरा मुडपलेले होते. पहिला सुलट. दुसरा सुलट. मी वाकले. तिसरा सुलट, चौथा, पाचवा.

सगळे सुलट.

मी येडूकाकांकडं बघितलं, ते भक्तिभावानं मशीनकडं बघत होते. गुरुशांतचा अंगठा बटणावर होता. मशीन सुरू झालं, तो घरघर आवाज, पातं कापडाला लागायला वीतभर राहिलं असेल.

“थांबा,” मी ओरडले.

मशीन बंद झालं. गुरुशांतनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरत गेलं. खुर्चीतला तो चेहरा, बंद टीव्हीसमोरचा, मला समोर येताना दिसला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. मला तेव्हा कळलं मी काय केलं. चाळीस माणसांसमोर, पहिल्या कापाला, मीच त्याचा हात धरला होता.

त्यानं मशीन खाली ठेवलं. जाळीचा मोजा काढला, टेबलावर ठेवला. मला वाटलं आता तो पॅकिंगच्या खोलीकडं वळणार. अण्णा एक पाऊल पुढं आले आणि थांबले.

“काव्या, इकडं ये,” गुरुशांत म्हणाला.

मी गेले.

“काय दिसलं?”

“सगळे थर...” मी कडेकडं बोट केलं. “सगळे थर सुलट आहेत.”

“हायत की. मग?”

“मग सगळे... एकाच बाजूचे होतील.”

तो शब्द मी टाळला तरी शेडमधल्या प्रत्येकाला ऐकू आला. सुंदरम्मानं पदर तोंडाला लावला. गुरुशांतनं कानामागचा खडूचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला.

“वर आखलंय ते वाच,” तो म्हणाला. “मोठ्यानं. आणि वाचलं की त्याच्यावर टिंब देत जा.”

मी वाकले. सगळ्यात वरच्या थरावर पांढऱ्या रेघांची नक्षी होती, मघापासून समोर असून मी ती पाहिलीच नव्हती. प्रत्येक तुकड्याच्या पोटात दोन शब्द.

“डावा पुढचा,” मी वाचलं. “उजवा पुढचा. डावा मागचा.” मग खडू थांबला. “उजवा मागचा.”

“आणि?”

“दोन्ही आहेत.”

“दोन्ही हायत,” तो म्हणाला. मग माझ्याशी नाही, सगळ्यांशी बोलल्यासारखं, पण माझ्याकडंच बघत: “ह्या थानात मधे मधे डाग हायत. तोंडाला तोंड लावलं तर डाग आत दडून बसतो. म्हणून सगळे सुलट टाकले, प्रत्येक थर डोळ्याखालनं घातला, आणि पाय दोन्ही वेगळे आखले. काल सहा तास आखत होतो. काकांना विचार.”

“सहा तास, वैनी,” येडूकाका म्हणाले. “मला चा पण पिऊ दिला न्हाय.”

कुणीतरी हसू दाबलं. सुंदरम्माला राहवलं नाही. “मास्तर, वैनीला कामाला घ्या की. चेकिंगला माणूस पायजेच हाय आपल्याला.”

“घरात चोवीस तास चेकिंगच चालू असतं की,” गुरुशांत म्हणाला, “हितं कशाला अजून.”

मग शेड फुटला. पत्रे वाजले असतील त्या हसण्यानं. अण्णा पोट धरून, काका धोतराला डोळे पुसत. मी लाजेनं मेले होते आणि मग मीही हसायला लागले, आणि थांबता येईना. हसता हसता त्याच्याकडं बघितलं, शपथ गेली खड्ड्यात. तो हसत होता. नाकातून नाही, सगळ्या तोंडानं, मागची दाढ दिसत होती. ती किडलीय हे मला तेव्हा कळलं.

जवळ येऊन हळूच म्हणाला, “घाबरलीस?”

“हो.”

“मी पण. सकाळपासनं.” मोजा पुन्हा चढवला. “सरक आता. बोट जाईल.”

मी सरकले. मशीन सुरू झालं आणि या वेळी ते थांबलं नाही. पातं कापडात शिरलं, रेघेवरून चालत गेलं, वळणाला त्यानं मनगट जरासं वाकवलं आणि कोपरा असा फिरला की मला वाटलं आत पाणीच आहे, कापड नाही. निळी धूळ उडत होती. त्याच्या भुवयांवर बसत होती. पहिला गठ्ठा सुटा झाला तेव्हा त्यानं तो दोन्ही हातांनी उचलून येडूकाकांच्या हातात दिला. काकांनी वरचा तुकडा उलटून पाहिला, खालचा पाहिला आणि म्हणाले, “उजवा हाय.” पुन्हा सगळे हसले. सृष्टी टेबलाखाली शिरून चिंध्या गोळा करत होती.

अण्णांनी तिथंच इचलकरंजीला फोन लावला. “सोमवारी येऊ नका,” म्हणाले, “मास्तर हाय आमच्याकडं.”

हुग्गी पुरली नाही. सासूबाईंनी पातेलं चाटायला सुंदरम्माला दिलं.

इथं गोष्ट संपवली तर चालण्यासारखं आहे. पण परतताना एक झालं, ते सांगायलाच खरं तर मी लिहायला बसले.

चार वाजले होते. सासूबाई काकांबरोबर रिक्षानं पुढं गेल्या. स्कूटरवर सृष्टी पुढं उभी, मी मागं. गुरुशांत घराकडं न वळता सरळ निघाला.

“कुठं?”

“अशोक चौकाकडं जाऊन येऊ. एक बाई हाय.”

सहा वर्षांपूर्वीची मी असते तर चालत्या स्कूटरवरून उडी टाकली असती. आता नुसतं म्हटलं, “कोण बाई?”

“रत्नम्मा. दवाखान्यात गुरुवारी बाकावर माझ्या शेजारी बसती. विड्या वळती ती. बाकावर बसून पण बोटं चालूच असतात तिची, हातात पान नसलं तरी. दोन गुरुवार झाले, आली नाही.”

“तुम्ही बोलता तिच्याशी?”

“तीच बोलती. ज्या दिवशी मला तोंड उघडवत नव्हतं त्या दिवशी पण बोलायची. माझा नंबर पुकारला की मला ढोसायची.”

मी साडेतीन वर्षं त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. जांभळं लुगडं, पायात निळ्या स्लिपर, हे मला आठवलं. बाई आठवली नाही. मी एकाच माणसाकडं बघत बसले होते.

आम्ही गल्ल्या फिरलो. मागाच्या आवाजात, वाळत टाकलेल्या टॉवेलांखालून, तीन ठिकाणी विचारलं. एकीनं विचारलं, “कंची रत्नम्मा? हितं चार हायत.” दुसरीनं विचारलं, “काय काम हाय?” दवाखान्याचं नाव तिच्या दारात काढायचं नाही, एवढं आम्हा दोघांनाही कळत होतं. गुरुशांत म्हणाला, “सहज.” सहज म्हणून कुणी पत्ता देत नाही.

अंधार पडायच्या आत आम्ही परतलो. पुढच्या गुरुवारी तो लवकर गेला, बाकावर शेजारी रुमाल टाकून ठेवला. दोन माणसांना उठवलं, “येणार हाय इथं कोण तरी,” म्हणून. रुमाल तसाच घडी करून घरी आणला.

तुमच्यापैकी कुणी त्या भागात राहत असाल, किंवा तिकडच्या विडीच्या कारखान्यात तुमचं जाणंयेणं असेल, तर एवढं करा. पन्नाशीची बाई, बारीक, उजव्या भुवईवर जुना व्रण, असं गुरुशांत सांगतो. बोलकी आहे, म्हणजे होती. घर सापडलं तर दार वाजवा. उघडलं नाही तर थोडं थांबून पुन्हा वाजवा. दवाखान्याचं काही बोलू नका, शेजारचे ऐकत असतात. नुसतं सांगा की मास्तरनं विचारलंय, गुरुवारी जागा धरून ठेवतो म्हणाला.